मदारी आणि दौलतखान

मुलांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मुसलमान माणूस बहुधा दोनच रूपांत भेटतो : क्रूर खान किंवा इमानी मदारी मेहतर. आग्ऱ्याहून सुटकेच्या (१६६६) कथेतला मदारी आम्हालाही प्रिय आहे. पण त्याची भिस्त मुख्यतः परंपरेवर. शिवरायांच्या आरमाराचा दौलतखान मात्र मुंबईच्या इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी तो इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढला. दोन्ही बाजूंना मुसलमान! लढाई धर्माची नव्हती, हे वर्गात वेगळे सांगावे लागणार नाही. कादंबरी इतिहासाची गोडी लावते. तिच्यातले कल्पित कोणते, नोंदलेले कोणते, हे विचारायला शिकवणे शिक्षकांचे काम. हा प्रश्न क्रूर खानाला विचारायचा, तर आपल्या लाडक्या मदारीलाही विचारला पाहिजे.