विषाची बाटली आणि कंपाउंडरबाई : 'स्टाइल्स'मधलं स्ट्रिकनीन कितपत खरं?

अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' बहुतेक जण हर्क्युल पॉयरोची पहिली कादंबरी म्हणून वाचतात. मी ती औषधनिर्माणशास्त्राचा पेपर म्हणून वाचते. त्यात चुकतंय कोण आणि किती गुण द्यायचे, हे आज बघू. एक गोष्ट आधीच सांगते, खून कसा झाला हे या लेखात उघड होणार आहे. कादंबरी वाचायची राहिली असेल तर आधी वाचून या. लेख कुठे पळून जात नाही.

माझं संशोधन मज्जारज्जूतल्या ग्लायसिन रिसेप्टरवर आहे. या रिसेप्टरची आणि स्ट्रिकनीनची गाठ जुनी आहे, ती कशी ते पुढे येईलच. सांगायचा मुद्दा एवढाच की हे विष माझ्या रोजच्या वाचनात असतं, त्यामुळे कादंबरीत ते भेटलं की मी जरा कान टवकारून बसते.

लेखिका आधी कंपाउंडर होती

पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती टॉर्की गावच्या रुग्णालयात आधी स्वयंसेवक परिचारिका होती. मग ती तिथल्या औषध विभागात गेली. त्या काळी तयार गोळ्यांची पाकिटं आजच्यासारखी सर्रास नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि यांनी मोजून, विरघळवून, गाळून बाटली भरायची. आपल्याकडे जुन्या दवाखान्यांत कंपाउंडर असायचे ना, अगदी तेच काम. १९१७ साली तिने सोसायटी ऑफ अपोथेकरीजची सहाय्यकाची परीक्षाही दिली आणि ती पास झाली. 'स्टाइल्स' तिने याच दिवसांत, १९१६च्या सुमारास लिहायला घेतली. ती छापून आली १९२०मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या जानेवारीत इंग्लंडात. औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने, म्हणजे 'फार्मास्युटिकल जर्नल'ने, तिची दखल घेतली आणि विषाची माहिती अचूक असल्याबद्दल कौतुक केलं. रहस्यकथेला असं प्रशस्तिपत्र सहसा मिळत नाही.

विष की टॉनिक?

कोकणात आणि सह्याद्रीत फिरला असाल तर काजऱ्याचं झाड तुम्ही पाहिलेलं असणार. नारिंगी गोल फळं, आत चपट्या, गोल, कोटाच्या बटणासारख्या बिया. वैद्यकात त्यांना कुचला म्हणतात. आयुर्वेदात तो शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि भारतीय औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ई-१ मध्ये, त्याचं नाव आजही आहे. या कुळातल्या बियांमधून पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ साली स्ट्रिकनीन वेगळं केलं. दोनच वर्षांनी याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. एकाच जोडीच्या हातून एक प्राण वाचवणारं आणि एक प्राण घेणारं!

पण थांबा, त्या काळी ही विभागणी इतकी साफ नव्हती. अगदी अल्प मात्रेतलं स्ट्रिकनीन एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'शक्तिवर्धक' म्हणून सर्रास दिलं जायचं. भूक लागत नाही, थकवा आहे, द्या टॉनिक. १९०४च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला धावता धावता त्याच्या मदतनिसांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिकनीन पाजलं, वर ब्रँडीही दिली. त्याने शर्यत जिंकली खरी, पण शेवटी त्याला धरून आणावं लागलं. तेव्हा ते नियमबाह्यही नव्हतं.

म्हणजे 'स्टाइल्स'मधल्या श्रीमंत मिसेस इंगलथॉर्पच्या खोलीत स्ट्रिकनीन असणं यात काहीच विशेष नाही. ते तिचं रोजचं टॉनिक होतं. ख्रिस्तीची खरी हुशारी इथून सुरू होते.

शरीरात काय होतं?

आपले स्नायू चालतात तेव्हा मेंदूकडून 'आकुंचन पाव' एवढाच निरोप जात नाही, 'तू थांब' असाही निरोप जातो. कोपर वाकवताना पुढचा स्नायू आवळतो, तेव्हा मागच्याला सैल सोडावं लागतं. ही थांबवण्याची वेसण मज्जारज्जूत बरीचशी ग्लायसिन या रेणूच्या हाती असते. स्ट्रिकनीन नेमकं ग्लायसिनच्या जागेवर जाऊन बसतं आणि वेसण सुटते. मग सगळे स्नायू एकदम, आणि जास्तीत जास्त जोराने आकसतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट, म्हणून शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. साधा आवाज किंवा स्पर्श झाला तरी झटका येतो. छातीचे स्नायू ताठले की श्वास थांबतो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट, माणूस शुद्धीवर असतो.

याच घट्ट पकडीचा उपयोग करून १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ग्लायसिन रिसेप्टर ऊतकातून वेगळा काढला. स्ट्रिकनीनचाच एक भाऊबंद गळाला लावला आणि रिसेप्टर त्याला चिकटला. आमच्या क्षेत्राचा पाया असा विषाने घातलेला आहे.

ख्रिस्तीने मृत्यूचा प्रसंग या लक्षणांनुसार लिहिलाय. धनुष्यासारखं वाकणं, झटक्यांमधली उसंत, शुद्ध असणं, सगळं जागच्या जागी आहे. इथे पूर्ण गुण.

बाटलीतला गणिताचा पेपर

आता युक्ती. खुनी बाहेरून विष आणतच नाही. तो टॉनिकच्या बाटलीत त्याच घरातली झोपेची पूड, म्हणजे ब्रोमाइड, मिसळतो. ब्रोमाइडमुळे स्ट्रिकनीनचे स्फटिक तयार होतात आणि साका तळाशी बसतो. वरचे घोट जवळजवळ निर्विष, आणि शेवटच्या घोटात पूर्ण बाटलीचं विष. खुनी तेव्हा कोसभर लांब.

हे होतं का? कादंबरीत औषधनिर्माणाच्या पुस्तकातली एक कृती दिली आहे, ती आपण मोजून बघू. आठ औंस पाण्यात एक ग्रेन स्ट्रिकनीन सल्फेट आणि सहा ड्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड. आजच्या भाषेत साधारण २२७ मिलिलिटर पाण्यात ६५ मिलिग्रॅम एक आणि २३ ग्रॅम दुसरं. रेणूंची संख्या काढली तर स्ट्रिकनीनच्या हजारपटीहून जास्त ब्रोमाइड आहे. अकरावीत शिकलेला 'समान आयन परिणाम' आठवा. द्रावणात ब्रोमाइडची इतकी गर्दी झाली की स्ट्रिकनीन ब्रोमाइडला विरघळून राहायला जागा उरत नाही, ते स्फटिक होऊन बाहेर पडतं.

आता मात्रा. समजा दर वेळी अर्धा औंस घ्यायचा, तर बाटलीत सोळा डोस, म्हणजे प्रत्येकात ४ मिलिग्रॅम. टॉनिक म्हणून त्या काळच्या प्रथेत बसणारं. आणि सोळाही डोस एकदम पोटात गेले तर? प्रौढ माणसाला ५० ते १०० मिलिग्रॅम जीवघेणे समजले जातात. ६५ बरोबर त्या पट्ट्यात बसतात. ख्रिस्तीने आकडा उगाच ठोकून दिलेला नाही.

कडू चव? स्ट्रिकनीन भयंकर कडू असतं, म्हणून कॉफी, कोको यांवर कादंबरीत बराच काथ्याकूट होतो. पण कडवटपणा लपवायला औषधाच्या बाटलीइतकी चांगली जागा दुसरी कुठली? टॉनिक कडूच असतं, त्याची कुणी तक्रार करत नाही. आणि 'बाटली हलवली तर?' ही शंका तुम्हाला आली असेल तर शाबास, पॉयरोलाही आली होती. औषध ओतणारं माणूस बाटली हलणार नाही याची काळजी घेत होतं, असं तो सांगतो.

समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर ख्रिस्ती विषाला जादूचं पाणी समजत नाही. पुष्कळ रहस्यकथांमध्ये विष म्हणजे दोन थेंब टाकले, माणूस पडला. इथे मात्रा आहे, विद्राव्यता आहे, वेळ आहे. उकलीचे धागेही वाचकाच्या समोर ठेवलेले आहेत. फक्त ते ओळखायला कंपाउंडरचा डोळा लागतो. हा वाचकावर थोडा अन्याय आहे हे मान्य, पण फसवणूक नाही.

मग गुण कुठे कापायचे?

इथपर्यंत ऐकून वाटेल, मी फक्त आरती ओवाळतेय. पण कादंबरी मिटल्यावर एक समजूत डोक्यात राहते, आणि ती मला खटकते. विष पोटात गेलं की विज्ञान ते शोधून काढणारच, प्रश्न फक्त 'कुणी दिलं' एवढाच. प्रत्यक्षात असं नव्हतं. दोन खटले बघा.

पहिला डॉक्टर विल्यम पामरचा. १८५५मध्ये रुजली गावात जॉन पार्सन्स कुक हा त्याचा मित्र धनुर्वातासारखे झटके येऊन मेला. विषशास्त्राचे त्या काळचे मोठे तज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी अवयव तपासले. सापडलं काय? अँटिमनी. स्ट्रिकनीन सापडलंच नाही. पामरला १८५६मध्ये फाशी झाली ती लक्षणं आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर. खटल्यात तज्ज्ञ एकमेकांविरुद्ध उभे होते.

दुसरा डॉक्टर थॉमस नील क्रीमचा, आणि माझ्या मते 'स्टाइल्स'शेजारी ठेवून वाचावा असा हाच. १८९१-९२मध्ये लंडनच्या लँबेथ भागात त्याने देहविक्रय करणाऱ्या गरीब स्त्रियांना स्ट्रिकनीनच्या गोळ्या दिल्या. त्यात ना साका, ना समान आयन, ना शेवटचा घोट. नुसत्या गोळ्या. मटिल्डा क्लोव्हर ऑक्टोबर १८९१मध्ये तडफडून मेली. तिला दारूचं व्यसन होतं, त्यावर उपचार चालू होते. मृत्यूचं कारण नोंदवलं गेलं ते दारूच्या व्यसनातून आलेला झटका असं. तिला पुरलं आणि विषय संपला.

तो पुन्हा उघडला कशामुळे? क्रीमच्याच मुजोरीमुळे. त्याने एका नामांकित डॉक्टरला पत्र लिहून 'क्लोव्हरला विष तुम्हीच दिलंत' असा आरोप केला आणि पैसे मागितले. क्लोव्हरला विष दिलंय हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं! पुढच्या वर्षी मेमध्ये तिचं शव उकरून काढलं, आणि तेव्हा स्ट्रिकनीन सापडलं. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, अ‍ॅलिस मार्श आणि एमा श्रिव्हेल या दोघी तशाच मेल्या होत्या. नोव्हेंबर १८९२मध्ये क्रीम फासावर गेला.

नीट लक्ष द्या. इथे रसायनशास्त्र कमी पडलं नव्हतं. सहा महिन्यांहून जास्त काळ जमिनीखाली राहिलेल्या शवातूनही विष हाती लागलं. कमी पडली ती शंका. दारू पिणारी बाई झटके येऊन मेली, यात तपासण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

ओढून आणलेला योगायोग

आता 'स्टाइल्स'कडे परत या. मिसेस इंगलथॉर्प पहाटे मरते, त्याच वेळी फाटकाजवळून डॉक्टर बॉवरस्टाइन जात असतात. कोण हे? जगातल्या मोठ्या विषतज्ज्ञांपैकी एक! ते आत येतात, लक्षणं पाहतात, घरच्या डॉक्टरला बाजूला घेतात, आणि मृत्यूचा दाखला अडतो. पुढचा तपास शक्य होतो तो या एका माणसामुळे. बांधणीचा विचार केला तर हा कादंबरीतला सगळ्यात कच्चा टाका आहे. खेड्यात, पहाटे, विषतज्ज्ञ?

पण क्रीमचा खटला वाचल्यावर मला तोच टाका सगळ्यात खरा वाटायला लागला. कारण ख्रिस्तीला कंपाउंडर म्हणून बहुधा कळलं होतं की दाखल्यावर सही करणाऱ्या हाताला कुणीतरी थांबवावं लागतं. त्याशिवाय कथा सुरूच होत नाही. मिसेस इंगलथॉर्पला मोठं घर होतं, नोकर होते, मृत्युपत्र होतं, म्हणून तिच्या फाटकाशी विषतज्ज्ञ उभा करता आला. मटिल्डा क्लोव्हरच्या दारात तो कुणी उभा केला असता?

म्हणून माझा निकाल असा. औषधनिर्माणशास्त्रात 'स्टाइल्स'ला पैकीच्या पैकी. न्यायवैद्यकात मात्र निम्मेच, कारण विष ओळखलं जाण्याआधी माणूस दखल घेण्याजोगा ठरावा लागतो, ही गोष्ट कादंबरी एका योगायोगात गुंडाळून पुढे निघून जाते. ती वाईट कादंबरी ठरत नाही. उलट शंभर वर्षांनी बाटली हलवून बघावी इतकी ती पक्की आहे. फक्त साका बघताना तो कुणाच्या बाटलीत शोधला गेला आणि कुणाच्या नाही, हेही बघा.

पुढच्या वेळी रहस्यकथेत कुणी विषाने मेलं, तर दोन प्रश्न विचारून बघा. मात्रा जुळते का? आणि पहिली शंका कुणाला आली, कुणाबद्दल आली? पहिल्याचं उत्तर गणिताने निघतं. दुसऱ्याचं कुठल्या कथेत नीट दिलेलं सापडलं, तर मला नक्की कळवा.