हरित नॅनोकण: पानांचे श्रेय किती, भट्टीचे किती?

कडुनिंब, तुळस, पेरू अशा ओळखीच्या पानांच्या काढ्यातून नॅनोकण बनवायचे आणि त्यांच्या साहाय्याने, सूर्यप्रकाशात, सांडपाण्यातला रंग नाहीसा करायचा, असे संशोधन आज ठिकठिकाणी चालते. त्याला ‘हरित’ म्हटले जाते. हे विशेषण तपासून घ्यायला हवे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या काढ्याने सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवले. तो निबंध २००४ सालचा. तिथे पानांतली द्रव्ये चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात आणि धातू तयार होतो. याला क्षपण म्हणतात. पुढे हेच स्पष्टीकरण झिंक ऑक्साइडसारख्या प्रकाश-उत्प्रेरकांनाही सर्रास दिले गेले. पण झिंक नायट्रेटमध्ये झिंक +२ अवस्थेत असते आणि झिंक ऑक्साइडमध्येही +२ अवस्थेतच. मग क्षपण झाले कशाचे? काढा झिंकला बांधून ठेवतो, कणांची वाढ आवरतो. ऑक्साइड मात्र बहुधा नंतरच्या ४००-५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत बनतो. तिथे वीज लागते, नायट्रेटमधून विषारी वायूही निघतात. अॅनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांत ऊर्जेची काटकसर आहे, हे इथे विसरले जाते.

दुसरी अडचण चाचणीची. शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू घालून त्याचा रंग उतरताना मोजतात. हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो. काही भाग अंधारातही कणांना नुसता चिकटतो. शिवाय रंग उडाला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरू शकतात. त्यासाठी पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो.

परळ-लालबागच्या गिरण्यांत रंगाई खाती होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने सुरू केलेल्या आणि आज माटुंग्यात असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या पहिल्या शाखांत वस्त्ररसायन होते. रंगाईच्या पाण्यात मीठ, सोडा, खळ हे सारे एकत्र असते, याची जाण या परिसराला जुनीच आहे. गडद पाण्यात प्रकाश खोल जात नाही, कार्बोनेट प्रक्रियेतच अडथळा आणतो, आणि वापरलेली भुकटी गाळून परत मिळवणे सोपे नसते.

उद्या दादरच्या फूलबाजारातल्या शिळ्या झेंडूपासून कोणी असे कण बनवले, तर कचऱ्याचा उपयोग झाला म्हणून त्याचे स्वागतच करू. पण तिथेही विचारायला हवे: काढ्याशिवाय त्याच भट्टीत बनवलेले कण कमी पडले का? शुद्ध केलेल्या पाण्यात झिंक किती उतरले? पाचव्या वापरातही कण तितकेच काम करतात का? ही उत्तरे निबंधात नसतील, तर ‘हरित’ हा शब्द शीर्षकातून काढून टाकावा. रंगाई कारखान्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना तो शब्द उपयोगाचा नाही.