श्रद्धा, समाज आणि मराठी ख्रिस्ती आत्मचिंतन

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांना मराठी ही मुख्यतः घरात बोलायची भाषा. उंबरठ्याबाहेर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी यांची वर्दळ. अशा ठिकाणी मराठी ख्रिस्ती लेखकांचे वाङ्मय वाचू लागले, की महाराष्ट्रात सहसा न सुचणारा एक प्रश्न पुढे उभा राहतो. जो संख्येने थोडा आहे, त्याचे भाषेशी आणि समाजाशी नाते कशाच्या बळावर टिकते?

याच शहरात १९५७ साली पी. डी. देवनंदन यांनी धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी एक ख्रिस्ती संस्था उभारली. त्यांचे सहकारी एम. एम. थॉमस यांनी श्रद्धेला देवळाच्या भिंतींबाहेर, राष्ट्राच्या घडणीत स्थान शोधले आणि १९७५ च्या आणीबाणीला उघड विरोध केला. त्यांची विचारपद्धती तात्त्विक होती. मराठीत हाच प्रश्न तत्त्वचर्चेपेक्षा कवितेत आणि आत्मकथनात अधिक खोलवर मांडला गेला; परंतु आमच्या समीक्षेने तो तेथे पाहिला नाही.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना आम्ही ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून गौरविले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तील साधेपणा आणि विनोद यांची मनसोक्त स्तुती केली. श्रद्धेचा भाग मात्र जणू खाजगी बाब म्हणून सौजन्याने बाजूस ठेवला. हे सौजन्य वरवर उदार दिसते. वस्तुतः ती टाळाटाळ आहे. टिळकांची श्रद्धा वगळली, तर त्यांच्या काव्याचा कणाच नाहीसा होतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही. तुकारामाच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. परदेशी आश्रयाखाली वाढलेली श्रद्धा स्वदेशी व्हावी, ही त्यामागील आकांक्षा धार्मिक होती, तशीच राजकीयही होती.

येथे एक भेद केलाच पाहिजे. श्रद्धा विषय झाली म्हणून लेखन श्रेष्ठ होत नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी विधवांच्या दुःखाला वाचा फोडते, हे तिचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु तिच्यात उत्तर आधीच ठरलेले आहे; पात्रे त्या उत्तराकडे नेली जातात. ‘स्मृतिचित्रे’ याच्या नेमकी उलट आहेत. धर्मांतरामुळे पतीपासून दुरावलेल्या लक्ष्मीबाई परत आल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे कटाक्षाने सांभाळले. पुढे शिवाशिव सुटली ती त्यांच्या स्वतःच्या विचारमंथनातून. पतीचा उपदेश तेथे निर्णायक ठरला नाही. म्हणूनच त्या परिवर्तनावर अन्यधर्मी वाचकाचाही विश्वास बसतो. स्वतःच्या हट्टाला हसता येणे ही त्यांची केवळ विनोदबुद्धी नव्हे. ती एक नैतिक शक्ती आहे. विनोद घेऊन श्रद्धा टाकणारी समीक्षा त्या विनोदाचे मूळच गमावते.

ही टाळाटाळ निरुपद्रवी नाही, हे अलीकडे प्रत्ययास आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी लढा दिला, ‘सुवार्ता’ मासिक चालविले, ‘सुबोध बायबल’ लिहिले. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांची निवड होताच काहींनी आक्षेप घेतला, तो त्यांच्या गद्याला नव्हता. त्यांच्या धर्माला होता. गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, त्या भाषेत चारशे वर्षांनंतर हा आक्षेप निघावा, याचा काही दोष समीक्षेकडेही येतो. ज्या परंपरेचा गाभा आम्ही वाचकांना कधी उलगडून दाखविला नाही, ती त्यांना परकी वाटली तर नवल कोणते?

ख्रिस्ती लेखकांना उदारपणे जागा देण्याची गरज नाही. त्यांनी ती केव्हाच मिळविली आहे. गरज आहे ती त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याइतके गंभीरपणे त्यांना वाचण्याची. त्यांच्याशी असहमत होणारा वाचक त्यांचा मान राखतो; श्रद्धेची पाने चाळून पुढे जाणारा राखत नाही. परभाषिकांच्या शेजारात राहताना आम्हांस एवढे उमगले आहे, की शेजाऱ्याचे मौन सहन करणे सोपे असते आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे कठीण असते. साहित्याचे नाते त्या कठीण कामापासून सुरू होते.