मद्रेमालुकोच्या राजधानीत डिसोजा

धर्मग्रामांच्या रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत अलीकडे एक लेखप्रकार चांगलाच रुजला आहे. 'आमच्या घराण्याचा इतिहास' असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. लेखक आपल्या आडनावाचा अर्थ पोर्तुगीज शब्दकोशात शोधतो, ते आडनाव धारण करणारा एखादा सरदार वा दर्यावर्दी त्याला सापडतो, आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तो सरदार लेखकाचा मूळपुरुष होऊन बसतो. या लेखांमागील जिव्हाळ्याविषयी आम्हाला आदर आहे. परंतु वाङ्मय म्हणून आणि इतिहास म्हणून ते तपासायचे झाले, तर त्यांचा पायाच कच्चा आहे हे स्पष्टपणे सांगावे लागते. आडनाव म्हणजे रक्त, या गृहीतावर ते उभे आहेत, आणि आपल्या समाजापुरते तरी हे गृहीत खरे नाही.

हा विचार वसईत वा गोव्यात करण्यापेक्षा अचलपुरात करणे अधिक सोयीचे आहे. कारण वऱ्हाडावर पोर्तुगीजांचे राज्य एक दिवसही नव्हते. महानुभाव वाङ्मयातले अळजपूर, इंग्रजी अमदानीतले एलिचपूर आणि आजचे अचलपूर, असे हे गावच नावे बदलत आलेले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्याच्या आठ वर्षे आधी, १४९० मध्ये, फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क याने येथे स्वतंत्र सत्ता उभारली होती. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरकडील ब्राह्मण कुळातला. लढाईत सापडला, बहामनी दरबारी वाढला, धर्मांतरासोबत त्याचे नावही नवे झाले. पुढे पोर्तुगीजांनी त्याच्या घराण्याच्या या पदवीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. अहमदनगरच्या निजामशहाकडे वैद्यकी केलेला गार्सिया द ओर्ता याच्या, १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात वऱ्हाडचा अधिपती 'मद्रेमालुको' या अपभ्रष्ट नावानेही भेटतो. पोर्तुगीज भाषेत 'माद्रे' म्हणजे माता आणि आजच्या त्या भाषेत 'मालुको' म्हणजे वेडा! इमाद-उल्-मुल्क, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ, याची लिस्बनच्या जिभेवर अशी वाट लागली. तेव्हा 'द सोझा'चा आम्ही 'डिसोजा' केला याबद्दल कोणी आम्हाला हसू नये. हिशोब चुकता आहे.

आता या 'डिसोजा'कडेच वळू. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक नदी आणि तिच्या काठचा मुलूख. 'द सोझा' म्हणजे सोझाकडचा, आपल्या 'पुणेकर', 'नागपूरकर' यांसारखाच. त्या मुलखात एक मातबर उमराव घराणे होते हे खरे, आणि त्या नावाचे लोक पोर्तुगीज साम्राज्यात दूरवर गेले हेही खरे. मार्तिम अफोंसो द सोझा याचे उदाहरण बोलके आहे. १५३२ मध्ये त्याने ब्राझीलच्या किनाऱ्यावर सांव व्हिसेंत ही वसाहत स्थापिली. दहा वर्षांनी, १५४२ मध्ये, तोच गोव्याचा गव्हर्नर म्हणून आला, आणि त्याच्याच ताफ्यातून संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचले. ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल तोमे द सोझा (१५४९) हाही त्याच नावाचा. स्मरणिकेतल्या लेखकाला मूळपुरुष हवाच असेल, तर याहून भरजरी माणूस मिळणार नाही.

पण एवढ्या दोन-चार अधिकाऱ्यांच्या वंशातून ब्राझील, गोवा, मंगळूर, वसई, श्रीलंका, मलाक्का, अंगोला, मोझांबिक येथपर्यंतची सारी सोझा कुटुंबे निपजली असे कोणी म्हणू लागला, तर ती वंशावळ नव्हे, परीकथा होईल. हे नाव जन्माने नव्हे, स्नानसंस्काराने पसरले. नवदीक्षिताला त्याच्या धर्मपित्याचे, कधी दीक्षा देणाऱ्या धर्मगुरूचे, तर कधी त्या समारंभाला उपस्थित असलेल्या अधिकाऱ्याचे आडनाव मिळे. सख्ख्या भावांनी वेगवेगळ्या वेळी दीक्षा घेतली तर एक डिसोजा आणि दुसरा फर्नांडिस होण्याला काहीच अडचण नव्हती. उलट ज्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही अशी दहा कुटुंबे एकाच दिवशी एकाच आडनावाची होत. ब्राझीलमध्ये तर मळेवाल्याचे आणि त्याच्या गुलामाचे आडनाव एकच असल्याची उदाहरणे आहेत. पश्चिम आफ्रिकेत बेनिनमधील वीदा येथे फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा या ब्राझीलहून आलेल्या, गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या माणसाचा (मृत्यू १८४९) मोठा वंशविस्तार आहे. आडनावावरून नाते जोडायचे ठरविले तर त्याच्याशीही जोडावे लागेल, ही गोष्ट आमचे उत्साही लेखक सोयीस्करपणे विसरतात.

श्रीलंकेचे उदाहरण याहून उद्‌बोधक आहे. तेथे 'द सोझा'चे 'द सोयसा' झाले, 'झोयसा' झाले. आणि पेरेरा, सिल्वा, मेंडिस या आडनावांची माणसे मोठ्या संख्येने बौद्ध आहेत. म्हणजे पोर्तुगीज आडनाव हा पोर्तुगीज रक्ताचा पुरावा तर नाहीच, पण सर्वत्र कॅथलिक श्रद्धेचाही नाही. ते फार तर एवढेच सांगते की, अमुक एका काळी अमुक एका किनाऱ्यावर या घराची त्या सत्तेशी गाठ पडली होती.

या आडनावांचे अर्थ पाहिले तर त्यात राजवैभव थोडे आणि शेतीवाडी फार. पेरेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, ऑलिव्हेरा म्हणजे ऑलिव्हचे झाड, सिल्वा म्हणजे रान, माचाडो म्हणजे कुऱ्हाड, कुएलो म्हणजे ससा. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, लोपिस, नुनिस ही सारी 'अमक्याचा मुलगा' या अर्थाची: फर्नांदोचा, रोद्रिगोचा, गोन्सालोचा, लोपोचा, नुनोचा. म्हणजे नदी, झाड, अवजार आणि बाप. आपल्याकडील आडनावे याहून निराळी कोठे आहेत?

वसईचा इतिहास या संदर्भात नीट वाचला पाहिजे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोनशे पाच वर्षांचा हा कालखंड संपून आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. या नंतरच्या काळात आडनाव टाकून देण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तरी वसईकर कुटुंबांनी दाब्रे, डिमेलो, लोपीस, तुस्कानो ही नावे ठेवली. लादलेले नाव येथवर येताना स्वतःचे झाले होते. यालाच आम्ही या आडनावांचा खरा इतिहास मानतो, आणि स्मरणिकांत नेमका तोच गैरहजर असतो. पहिल्या मूळपुरुषावर चार पाने खर्ची पडतात. पेशवाईत आणि कंपनी सरकारात त्या घराने काय पिकविले, कोणत्या आळीत कोणत्या टोपणनावाने ते ओळखले गेले, यावर चार ओळीही नसतात. एकाच गावात एका आडनावाची चाळीस घरे असली की खरी ओळख त्या टोपणनावातच असते, हे वसईतील कोणतीही आजीबाई सांगेल.

लेखनपद्धतीचाही एक मुद्दा येथेच उरकून घेऊ. पोर्तुगीजातील 'द' हा दंत्य आहे. आपण तो 'डि' असा लिहितो, याचे कारण पोर्तुगीज नव्हे, इंग्रजी. रोमन लिपीतले अक्षर आपण इंग्रजी शाळेत शिकलेल्या उच्चाराने वाचले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपले आडनाव मराठीत 'दि'ने लिहिले. बारीक गोष्ट आहे, पण मूळ उच्चाराशी आणि मराठी कानाशी अशा दोन्हींशी ती प्रामाणिक आहे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्या निवडीला काहींनी विरोध केला, तो त्यांच्या पुस्तकांमुळे नव्हे. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या आधी चारशे वर्षे फादर स्टीफन्स यांनी आपले पुराण मराठीत रचून १६१६ मध्ये राशोल येथे छापून घेतले. ते जन्माने इंग्रज. परंतु पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचेही 'टोमास एस्तेव्हांव' झाले होते. नाव पोर्तुगीज, जन्म इंग्लंडचा, वाणी मराठी. आता त्यांचे कूळ आडनावावरून काढून दाखवावे!

दुसरा प्रमाद आपल्या समाजाबाहेरच्या लेखकांचा. त्यांच्या लेखी ही आडनावे म्हणजे परकेपणाचा शिक्का, किंवा विनोदाची सोय. हिंदी चित्रपटाने तर पिंटो, परेरा, ब्रगांझा यांना दारूची बाटली आणि मोडके हिंदी कायमचे चिकटविले. 'बॉबी' (१९७३) मधील कोळी जॅक याचे आडनाव ब्रगांझा आहे. ब्रगांझा हे १६४० पासून १९१० पर्यंत पोर्तुगालच्या गादीवर बसलेल्या राजघराण्याचे नाव. राजघराण्याचे नाव मासे पकडणाऱ्याला कसे लाभले, या प्रश्नात एक उत्तम कादंबरी दडलेली आहे. चित्रपटाला त्याची जाणीव असल्याचे कोठे दिसत नाही. 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) हा सन्मान्य अपवाद. तेथे पिंटोचा बाप गिरणी कामगार आहे आणि संपावर आहे. म्हणजे आडनावाच्या आत मुंबईचा एक माणूस आहे.

आणि येथे आम्हाला एक मौज नोंदवावीशी वाटते. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटाला गंभीर समीक्षक हात लावीत नाहीत. परंतु त्यातील अँथनी हा जन्माने ख्रिस्ती नाही. तो चर्चच्या आश्रयाला आलेला पोर आहे, फादरांनी वाढविलेला. त्याला नाव मिळते ते सांभाळणाऱ्यांकडून. 'गोन्साल्विस' हे त्याचे आडनावही उसनेच. संगीतकार प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू, गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस, यांच्या सन्मानार्थ ते गाण्यात आणविले. पोर्तुगीज आडनावे भारतात कशी आली याचे इतके अचूक चित्रण आमच्या कोणत्याही स्मरणिकेत आम्ही वाचलेले नाही.

वऱ्हाडात या प्रश्नाला जी धार आहे ती किनाऱ्यावर नाही. येथे मिशन आले ते नागपूरमार्गे, फ्रान्समधील साव्हॉय प्रांताशी नाते सांगणाऱ्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरींकडून. त्यांनी आडनावे वाटली नाहीत. म्हणून आमच्या बाकांवर वानखडे, इंगळे, तायडे बसतात, मेळघाटातले कासदेकर आणि बेठेकर बसतात, आणि त्यांच्या शेजारी नोकरीच्या, शिक्षणाच्या, सेवेच्या निमित्ताने किनाऱ्यावरून आलेले डिसोजा आणि फर्नांडिस. बाहेरच्या जगाला यांतला डिसोजा तेवढा 'खरा ख्रिस्ती' वाटतो. दुःख याचे की, कधी कधी डिसोजालाही तसेच वाटते. वानखड्यांच्या मुलीला सोयरीक सांगून येते तेव्हा 'मूळचे कॅथलिक का?' हा प्रश्न आडनाव पाहून विचारला जातो, आणि स्मरणिकेतली सरदारी वंशावळ त्या प्रश्नाला खतपाणी घालते. या लेखांविषयी आमची खरी तक्रार ही आहे. चारशे वर्षांपूर्वी धर्मपित्याने दिलेले नाव आणि चाळीस वर्षांपूर्वी न बदललेले नाव, यांत मूळ कोणते आणि शेंडा कोणता, हे ठरविण्याचे काही प्रमाण या लेखकांपाशी नाही.

अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपुरातून वेगळा झाला. त्याच्या बिशपांची नावे लागोपाठ वाचून पाहावीत. जोसेफ रोझारिओ, १९९५ पर्यंत. त्यांच्यानंतर एडविन कोलासो. पुढे लूर्ड्स डॅनियल, एलियास गोन्साल्विस आणि माल्कम सिक्वेरा. पाचांपैकी चार आडनावे पोर्तुगीज. रोझारिओ म्हणजे जपमाळ; धर्मगुरूंनी दिलेले नाव म्हणून ते उघड ओळखू येते. गोन्साल्विसचा उलगडा वर झालाच आहे. सिक्वेरा हे पाणी नसलेल्या जमिनीवरून पडलेले नाव. आपल्या भाषेत कोरडवाहू. कपाशीच्या या मुलखात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. आणि कोलासो म्हणजे एकाच मातेचे दूध प्यालेला पण तिच्या पोटी न जन्मलेला, म्हणजे दूधभाऊ. वऱ्हाडातील घरांत हे नाते अनोळखी नाही.

यापुढे आमच्या धर्मग्रामातील कोणी घराण्याचा इतिहास लिहावयास बसेल तर त्याने शब्दकोश जरा बाजूला ठेवावा आणि स्नानसंस्काराची नोंदवही मागून घ्यावी. तीत बालकाचे नाव, आईबापांचे नाव, धर्मगुरूंची सही असते, आणि धर्मपिता व धर्ममाता यांचा एक रकाना असतो. हा रकाना आजवर कोणी वाचलेला दिसत नाही. कोणत्या डिसोजाने कोणत्या तायड्याच्या मुलाला हातावर घेतले आणि कोणत्या कासदेकरणीने कोणत्या फर्नांडिसच्या मुलीला, हे त्यात लिहिलेले असणार. पुढील स्मरणिकेसाठी पहिली नक्कल त्या रकान्याची करून घ्यावी.