हात कोणाचा, डोके कोणाचे?

जळगाव-धुळ्याच्या बैठकांत ख्रिस्ती धर्मांतराचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते : प्रेस्बिटेरियन आणि बिशपवाले यांचे भांडण ही गोऱ्यांची घरगुती भानगड, तिच्याशी आपल्याला काय करायचे? मला हे पटत नाही. त्या भांडणाचा गाभा सत्तेचा आहे. मंडळीवर अधिकारी कोणी नेमायचा? बिशपवाले म्हणतात, अधिकार बिशपच्या हातून खाली येतो. प्रेस्बिटेरियन म्हणतात, तो पाळक आणि मंडळीचे वडील यांच्या सभेत असतो. १६३७ साली राजाने स्कॉटलंडवर इंग्रजी वळणाचे प्रार्थनापुस्तक लादले तेव्हा एडिंबरोत दंगल झाली. १६९० मध्ये तिथल्या राजमान्य चर्चमधून बिशप गेले, पण पुढे जमीनदाराने पाळक नेमण्याचा हक्क मागल्या दाराने परत आला. त्याविरुद्ध १८४३ साली साडेचारशेहून अधिक पाळक पगार आणि घरे सोडून बाहेर पडले. मुंबईचे जॉन विल्सन त्यांच्याच बाजूला गेले.

आपल्या इतिहासकारांना मात्र १८४३ आठवते ते श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाच्या शुद्धीच्या वादासाठी. त्याचा भाऊ नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल येथे मांगांमध्ये काम करू लागला. त्या मांगांनी आपले वडील निवडले काय, पाळकाला कधी उलट प्रश्न विचारला काय, हे विचारावेसे आमच्या पांढरपेशा समीक्षेला वाटले नाही. मराठी शास्त्रातला ‘वडील’ हा शब्दच घ्या. चावडीच्या पायरीखाली उभा राहणारा माणूस सभेत वडील म्हणून बसू शकतो, ही कल्पना केवढी स्फोटक! पण पाळकाचा पगार मिशनच्या तिजोरीतून येई, तोवर वडिलांच्या शब्दाला वजन किती असणार?

खानदेशात हा वाद उघडपणे आलाच नाही. मिशनांनी मुलूख आपसांत वाटून घेतले होते. पूर्वेकडे अमेरिकन अलायन्स मिशन, पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन मंडळी. महाराचा किंवा भिल्लाचा पंथ श्रद्धेआधी नकाशाने ठरला.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि इतर काही चर्चे एक झाली व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निघाले. पाळकांच्या डोक्यांवर हात ठेवले गेले. ही नवी दीक्षा की जुन्या दीक्षेची मान्यता, हे मुद्दाम मोघम ठेवले. बिशप राहिले, वडीलही राहिले. शतकांचा तंटा मोघमपणाने मिटतो, हे मला विशेष वाटते. कारण अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात असा मोघमपणा नाही. त्यात शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती दलित बाहेरच आहेत. कोणाचा हात खरा यावर इतका काथ्याकूट झाला, पण हाताखालचे डोके कोणत्या वस्तीतले, हा प्रश्न कडेलाच राहिला.

धुळे-जळगावच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागातल्या मंडळ्यांची जुनी इतिवृत्ते मागून वाचावीत. ठरावाखाली सह्या कोणाच्या आणि अंगठे कोणाचे, एवढे टिपून आणावे. पुढचे त्यावरूनच बोलू.