दंतसेविका : पदवी आणि शाळेतली खोली

दंतवैद्याच्या मदतनिसांचे शिक्षण विद्यापीठात गेले की काय होते, हे न्यूझीलंडमध्ये पाहावे. १९२१ साली वेलिंग्टनला तरुणींची पहिली तुकडी दोन वर्षांच्या दंतसेविका-शिक्षणासाठी दाखल झाली. दात भरणे, काढणे, मुलांना दात घासायला शिकवणे, एवढेच काम. तेही शाळेच्या आवारातल्या खोलीत. पायाने चालवायच्या ड्रिलच्या धास्तीने मुले त्या खोलीला ‘मर्डर हाऊस’ म्हणत! तरी उपचार वर्गाच्या दारात आले होते.

आज ओटागो विद्यापीठात याच कामाची तीन वर्षांची पदवी आहे. हिरड्यांची निगाही सोबत शिकवतात. ही बढती आम्हांला योग्यच वाटते. खटकते ते वेगळे. २००० नंतर शाळांतल्या अनेक खोल्या बंद होऊन मोठी केंद्रे व फिरत्या गाड्या आल्या, आणि पदवीधरांना खासगी दवाखानेही खुले झाले. शिक्षण वाढले, पण मुलापासूनचे अंतरही वाढले.

आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक असे दोनच मदतनीस मानले. एकाने दात साफ करायचे, दुसऱ्याने कवळी बनवायची. चौथीतल्या मुलीची किडलेली दाढ दोघांच्याही कामात बसली नाही.