भिंतीवरचा मजकूर : मराठीतील बंदिनी आणि तिला उद्देशून झालेले लेखन

मराठीतील तुरुंगविषयक लेखनाचा विचार बहुधा ‘माझी जन्मठेप’पासून (१९२७) सुरू होतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ‘गीता प्रवचने’ सांगितली गेली आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली, याचा उल्लेखही अभिमानाने होतो. या परंपरेत तुरुंग ही उद्गाराची जागा आहे. बंदी पुरुष स्वतःच निवेदक आहे. त्याचे घर बाहेर आहे, ते त्याची वाट पाहते, आणि ते घर धरून ठेवणारी स्त्री गृहीत आहे. ‘श्यामची आई’ कोठडीत आठवली जाते, कारण ती कोठडीत नाही.

स्त्रीच आत गेली म्हणजे ही सारी रचना उलटते. स्वातंत्र्यलढ्यातील व आणीबाणीतील राजकीय बंदिनींच्या मागे चळवळ होती, वाचक होते. येथे विचार करावयाचा आहे तो फौजदारी आरोपाखाली बंद झालेल्या, बहुतेकदा लिहिता न येणाऱ्या स्त्रीचा. मराठी वाङ्मयाने तिला कोणत्या पुरुषात (हा शब्द व्याकरणातल्या अर्थाने घ्यावा) पाहिले, हे तपासले तर तिला आणि तिच्या कुटुंबाला आधार देणे म्हणजे नेमके काय, याचाही काही उलगडा होतो असे मला वाटते.

मराठीतील स्त्रीवादी गद्याचा आरंभच एका बंदिनीपाशी आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्यावर आणि अखेर पाच वर्षांवर आली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ने स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती संहिता पुन्हा उजेडात आणल्यापासून तिच्या भाषेतील धारेविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण तिच्या संबोधनाकडे पाहावे. ताराबाईंचा ‘तुम्ही’ हा पुरुष आहे. वाद त्याच्याशी आहे, रोख त्याच्यावर आहे. विजयालक्ष्मी या वादाचे निमित्त आहे, त्यातील पक्ष नाही. ताराबाईंना हे उणे म्हणून लावावयाचे नाही. वादग्रंथाचा घाटच तसा असतो. तरीही ती पाच वर्षे कोठे काढली गेली, मागे कोण उरले, याला त्या घाटात जागा नाही, हे नोंदवले पाहिजे.

पाऊणशेहून अधिक वर्षांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) तेंडुलकरांनी लीला बेणारेला भ्रूणहत्येच्याच आरोपाखाली पिंजऱ्यात उभे केले. तिला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. त्यांत ती जे बोलते ते प्रेक्षकांना ऐकू येते. रंगमंचावरील न्यायालय मात्र गोठलेले असते. तिचे बोलणे ‘रेकॉर्ड’वर येत नाही. या प्रसंगाची नाट्यमय परिणामकारकता सर्वमान्य आहे. मला त्यात प्रथमपुरुषी उद्गाराची किंमत दिसते : तो उद्गार मिळतो, पण ज्याने निकाल द्यावयाचा त्याला वगळून.

आता याहून वेगळा, ज्याला आपण वाङ्मय म्हणत नाही असा मजकूर पाहू. काशीबाई नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल अंदमानात जन्मठेप झाली, आणि तिच्या प्रकरणाने व्यथित होऊन जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याचे वर्ष १८६३ असे सांगितले जाते. ब्राह्मणवस्तीतील कोपऱ्याकोपऱ्यांवर त्यांनी जाहिराती चिकटवल्या. मलबारींच्या टिपणांवर १८८४ साली दिलेल्या अभिप्रायात फुल्यांनी हिशेब दिला आहे : तोवर ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या, आणि त्यांची ५ मुले जगली. उरलेल्या मुलांच्या मृत्यूचे कारण आयांनी आधीच घेतलेल्या गर्भपाताच्या औषधांत फुल्यांना दिसले. यश सांगताना अपयशाचा आकडा न लपवणारे हे गद्य आहे. सुधारणेविषयीच्या आपल्या गद्यात ते विरळाच. पण माझ्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती भिंतीवरची जाहिरात. उद्या तुरुंगात जाऊ शकेल अशा स्त्रीला ती थेट उद्देशून आहे. तिचा निवाडा करीत नाही, तिच्या वतीने कोणाशी भांडतही नाही. तिला फक्त दार कोठे आहे ते सांगते.

अशा दाराची गरज का पडते, याचे उत्तर रणजित गुहा यांच्या ‘चंद्राज् डेथ’ (१९८७) या निबंधात सापडते. १८४९च्या बंगालमधील चंद्रा गर्भपाताच्या औषधाने मरण पावते, आणि औषध देणारी बहीण व ते मिळवू पाहणारी आई यांचे आधाराचे कृत्य कायद्याच्या भाषेत ‘एकरार’ होऊन बसते. नात्यातल्या बायकांनी दिलेला आधारच आरोपपत्राचा मजकूर होतो. बंदिनीचे कुटुंब म्हणजे केवळ बाहेर थांबलेले माणूस नव्हे, तर पुढचा संभाव्य आरोपीही, ही गोष्ट कथा-कादंबरीने सहसा ओळखलेली नाही. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) हा ठळक अपवाद : तिथे तारेच्या कुंपणात कुटुंबेच्या कुटुंबे आहेत.

दुसरी जाहिरात १९८३ सालची. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील १५ बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि निर्मला निकेतनच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहणी करावयास सांगितले. १५ फेब्रुवारी १९८३च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, अटकेची खबर नातेवाइकाला देणे, कायदेविषयक साहाय्य समितीला कळवणे हे सारे आहे. शिवाय अटकेतील व्यक्तीच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे, आणि समजेल त्या भाषेत तिला वाचून दाखवावे, असेही आहे. ‘वाचून दाखवावे’ या दोन शब्दांत निरक्षर श्रोता गृहीत धरला आहे. तेवढा विचार ग्रामीण साहित्याच्या सगळ्याच पुरस्कर्त्यांनीही केलेला नाही.

पत्र, पत्रक, अर्ज हे प्रकार आपल्या समीक्षेच्या परिघाबाहेर राहिले. येरवड्यात वर्षाहून अधिक काळ राहिलेल्या सुधा भारद्वाज यांचे ‘फ्रॉम फाँसी यार्ड’ (२०२३) हे इंग्रजी पुस्तक तिथल्या बायकांची चित्रे जवळून रेखाटते. ते मोलाचे आहे, पण त्या बायका पुन्हा ‘त्या’च राहतात. याउलट अर्जात, तो कोणीही लिहून दिलेला असो, ‘मी’ अर्जदाराचा असतो आणि खाली डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी असते. परक्या हाताने लिहिलेला हा प्रथमपुरुष दुबळा मानण्याचे कारण नाही. जामिनावर निर्णय देणारा तोच वाचतो.

हे सारे एका गावाच्या अंतराने मोजून पाहावे. तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे मागे टाकून केळद, मढेघाटाकडे जाताना पासली लागते. तेथील एखादी बाई येरवड्यात आहे अशी कल्पना केली, तर तिच्या सासूला वा भावाला वेल्हे, नसरापूर, पुणे असे एसटीने येऊन मग येरवडा गाठावे लागेल, आणि दिवसाचा रोज बुडवून काही मिनिटांची भेट मिळेल. तुरुंगाच्या भाषेत तिला ‘मुलाखत’ म्हणतात. (आपल्या नियतकालिकांतून याच शब्दाखाली लेखकांची संभाषणे छापून येतात.) जामीनदाराला सातबारा दाखवावा लागतो, आणि तो बहुधा सासरच्या पुरुषांच्या नावे असतो. ते पाठ फिरवतात तेव्हा निरोप कोणी न्यावयाचा? टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘प्रयास’सारख्या प्रकल्पातील कार्यकर्त्यांचे काम बऱ्याच अंशी असे निरोप नेण्याचे, वकिलाशी गाठ घालून देण्याचे, मुलाचा ठावठिकाणा आईला सांगण्याचे असते. ही मध्यस्थी भाषिक कृतीच आहे.

मुलांच्या बाबतीत १३ एप्रिल २००६च्या आर. डी. उपाध्याय खटल्याच्या निकालाने सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकेल असे ठरवले. त्याच निकालात जन्मनोंदीविषयी एक सूचना आहे : मूल तुरुंगात जन्मले तरी जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये, केवळ त्या वस्तीचा पत्ता लिहावा. एक शब्द गाळून आधार देणारा हा मजकूर मला अपूर्व वाटतो. मात्र मराठी बोलीने त्याला अडचणीत टाकले आहे. पासलीच्या त्या बाईचे मूल शाळेत दाखला दाखवील तेव्हा त्यावर ‘येरवडा’ असेल; आणि पुणे जिल्ह्यात कोणी येरवड्याला गेले म्हटले की ऐकणारा तुरुंग की वेड्यांचे इस्पितळ एवढेच विचारतो.